ढगांवरचं कमरेचं माप

माझ्या शिंपीकाकाला कोणी “जरा सैल ठेवा” म्हटलं, की त्याच्या कपाळावर अशी आठी पडायची, जसं काही कोणी त्याच्या खानदानावरच घसरलं आहे. टेप गळ्यात, खडू कानावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि वाक्य तोंडात तयार: “सैल म्हणजे किती सैल? पिशवी शिवू का? पिशवीच हवी असेल तर समोरचा किराणावाला फुकट देतो.”

गिऱ्हाईक ओशाळं हसायचं आणि मुकाट्याने हात वर करून उभं राहायचं.

काकाचं दुकान विमानतळाच्या मागच्या रस्त्यावर, एका इमारतीच्या जिन्याखाली सुरू होतं आणि फुटपाथकडे ओघळतं. आत दोन शिलाई मशिनं, एक कटिंगचं टेबल आणि पडद्यामागे ट्रायलची जागा. ती इतकी अरुंद, की पँट चढवताना कोपर आरशाला लागतं आणि आरसा शेजाऱ्यांच्या भिंतीला. कोपऱ्यातल्या स्टुलावर काजवाली मावशी बसते. काजं करणं, बटणं-हुकं लावणं आणि मास्तरांनी टाकलेलं प्रत्येक वाक्य झेलून त्यांच्याच अंगावर परत फेकणं, ही तिची तीन कामं. तिसऱ्यात तिचा हात जास्त चालतो.

डोक्यावरून विमान गेलं की टेबलावरची तेलाची बाटली नाचायची. पण काका आयुष्यात कधी विमानात बसला नव्हता. “ते माझ्या डोक्यावरून जातं, मी त्याच्या पोटाखालून जातो. दोघांचं उत्तम चाललंय,” असं तो म्हणायचा.

दुकानात एक वस्तू शोधून सापडली नसती, ती म्हणजे इलास्टिक. काका त्याला ‘रबर’ म्हणायचा, तेही नाकाजवळ काही कुजल्यासारखं तोंड करून. “रबर लहान पोरांच्या चड्डीला लावायचं. मोठ्या माणसाला माप असतं. ज्या शिंप्याला माप कळत नाही, तो रबर लावतो.” पट्ट्याबद्दलही त्याचं मत तयार होतं: पट्टा ही पँटची कुबडी.

अशा माणसाकडे एके दिवशी विमान कंपनीचं काम आलं. नव्या भरतीच्या मुलींचे गणवेश करायचे होते. आधी काही नमुने शिवून द्यायचे, ते पसंत पडले तर सगळ्यांचे कपडे काकाकडे, नाही तर शहराबाहेरच्या रेडिमेड कारखान्याकडे. काकाने पसंतीची वाट पाहिलीच नाही. पेंटर बोलावला आणि पाटीवर ‘विमान कंपनीचे गणवेश येथे शिवले जातात’ हे रंगवून टाकलं. रंग वाळायच्या आत गल्लीभर झालं. त्यामुळे आता काम हातचं गेलं असतं, तर नुसतं काम गेलं नसतं, काकाला रोज त्या पाटीखालून दुकानात शिरावं लागलं असतं.

नमुने घ्यायला ज्या बाई यायच्या, त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणायचे. वर्षानुवर्षं विमानात काम केलेल्या. केस इतके चापून बांधलेले, की भुवया आपोआप वर गेलेल्या. त्या कुठेही उभ्या असल्या तरी विमानात उभ्या असल्यासारख्या बोलायच्या. दोन्ही हात पुढे, बोटं जुळलेली, जणू जिन्याखालच्या त्या खोलीलाही मागे दोन आणि पुढे दोन दरवाजे आहेत.

“मास्तर, कृपया लक्ष द्या,” पहिले नमुने नेल्यावर आठवडाभराने त्या आल्या आणि त्यांनी टेबलावर रुमाल उघडला. आत वाकडीतिकडी झालेली हुकं. एक तर पार सरळ झालेलं.

“हे माझं हुक?” काका म्हणाला.

“तुमचंच. वर गेल्यावर सुटलं. एका मुलीचं तर ज्यूस वाटताना सुटलं. तिने एका हाताने स्कर्ट धरला आणि दुसऱ्या हाताने अख्ख्या रांगेला ज्यूस दिला. हसत.”

“या मुली खातात तरी काय?”

“मास्तर,” काजवाली मावशी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, “बायकांना हा प्रश्न विचारायचा नसतो. दुकान चालवायचंय ना?”

“अगं, पण ट्रायलला बसत होतं! बोट जाईल एवढी जागा होती. बरोब्बर एक बोट!”

“खाली बसतं, वर नाही बसत,” मॅडम म्हणाल्या.

“वर काय दुसरी कंबर लावता?”

मॅडमनी न चिडता समजावून सांगितलं. विमान खूप उंच जातं तेव्हा आत हवा भरून ठेवतात खरी, पण जमिनीवर असते तेवढ्या दाबाची नाही. सात-आठ हजार फुटांच्या डोंगरावर जाऊन बसावं, तसं ते होतं. बाहेरून दाब कमी झाला की पोटातली हवा फुगते, चांगली पाव हिश्श्याने. कधी त्याहून जास्त. काकाने हे सगळं, प्रवासी सुरक्षेच्या सूचना ऐकतात तसं ऐकलं. म्हणजे रस्त्याकडे बघत.

“हवा फुगते म्हणे!” मॅडम गेल्यावर तो म्हणाला. “उद्या म्हणतील, ढग गिळला.”

आणि त्याने काय करावं? हुकं आणखी पक्की केली. जाड दोरा, एकाच्या जागी दोन हुकं, कमरेच्या पट्टीत आतून कॅनव्हास. शेवटचा टाका घालून दोरा दाताने तोडला आणि म्हणाला, “आता बैल बांधा!”

“बैल नाही हो, मुली आहेत,” मावशी म्हणाली.

पुन्हा आठवडा गेला, पुन्हा मॅडम आल्या. या वेळी रुमाल नव्हता. काकाने लांबूनच ओळखलं आणि छाती पुढे काढली. “टिकलं ना हुक?”

“हुक टिकलं, मास्तर. मुलगी नाही टिकली.”

झालं होतं असं, की त्या मुलीला वर गेल्यावर वाकताच येईना. मागच्या बाजूला जिथे जेवणाच्या ट्रॉल्या ठेवतात, तिथे ती पडद्याआड भिंतीला टेकून वरवर श्वास घेत उभी राहिली. दोघीतिघींनी मिळून हुक काढायचा प्रयत्न केला. निघेना! “इतकं पक्कं काम मी जन्मात पाहिलं नाही,” मॅडम म्हणाल्या. ही तक्रार की कौतुक, हे काकाला क्षणभर कळेना. त्याचा चेहरा अर्धा फुलला आणि तिथेच अडकला.

“पुढचा नमुना शेवटचा,” मॅडमनी दोन्ही हात खाली घेतले. “तो जमला नाही, तर काम कारखान्याकडे. मला वाईट वाटेल, पण माझ्या मुलींना श्वास घ्यायचा असतो. त्याआधी एक करा. एकदा वर येऊन बघा. पाहुण्यांसाठी आम्हाला जागा मिळतात. सकाळी जायचं, दुपारी परत.”

घरी ही बातमी सांगताना काका ‘जावं लागणार बहुतेक’ अशा सुरात बोलत होता. काकूने पोळीचं पीठ तसंच ठेवलं आणि हात धुतले.

“मी येणार.”

“तू कशाला? मी मापासाठी चाललोय.”

“आणि मी काय तुमच्या डोक्यावर बसणार आहे? लग्न झाल्यापासून मला वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडेसुद्धा कधी नेलं नाहीत. आता एकदम ढगात जायचं म्हणता, आणि तेही एकटे!”

मी नुसती काकूच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आमच्या घरात याला मतदान म्हणतात.

जायच्या दिवशी काकाने स्वतःच्या हाताने शिवलेली नवी करकरीत पँट घातली. अर्थातच पट्ट्याशिवाय. पायात नवे बूट. “विमानात उपाशी मारतात” असं कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून घरून निघताना वाटाणे आणि कोबी यांचा डोंगर ताटात घेऊन तो सपाट केला. वर विमानतळावर गार सोडा प्यायला. विमानाच्या दारात मोठ्या मॅडम उभ्या होत्या. काकाच्या हातातली सोड्याची रिकामी बाटली त्यांनी पाहिली.

“मास्तर, सोडा?”

“पचायला.”

मॅडमच्या आधीच वर असलेल्या भुवया आणखी वर गेल्या. मला वाटलं, आता केसांत शिरतात.

विमानाने जमीन सोडली तशी काकाने खुर्चीचा दांडा पकडला. तो काकूचा हात निघाला, पण तिने तो सोडवला नाही. मग कान बंद झाले. मॅडमनी आधीच गोळ्या वाटल्या होत्या आणि सांगितलं होतं, “चघळत राहा, गिळत राहा, जांभई द्या.” काका तेव्हा म्हणाला होता, “मला झोप येत नाही.” आता तो अख्ख्या विमानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “माझ्या कानात कोणी कापूस घातला?”

“ओरडू नका हो!”

“मी कुठे ओरडतोय?”

पुढच्या रांगेतले दोघे वळून बघू लागले. काकूने मग एक प्रचंड जांभई दिली, दाढा मोजता येतील अशी. जांभई ही लागण आहे. काकाचं तोंड आपोआप उघडलं, कानात ‘पट्’ झालं आणि जग परत आलं.

“बघा,” काकू म्हणाली, “जांभईसुद्धा माझीच उसनी घ्यावी लागली.”

चहा आला. काकाने एक घोट घेऊन कप लांब धरला. “साखर विसरल्या.” एक पुडी टाकली. दुसरी टाकली. तिसरीही टाकली. “या साखरेत गोडवाच नाही!”

“साखरेत आहे, मास्तर. जिभेला कळत नाही,” जाता जाता मॅडम म्हणाल्या. इथली हवा फार कोरडी असते, नाक सुकतं, आणि नाक सुकलं की अर्धी चव गेली. गोड आणि खारट दोन्ही फिकं लागतं. इंजिनाच्या आवाजानेही जीभ बुजते म्हणे. घरी टोमॅटोच्या रसाला कधी हात न लावणारी काकू मात्र तो रस मिटक्या मारत पीत होती. “हा कसा काय इतका छान लागतोय?” म्हणत तिने दुसरा पेला मागितला.

आणि मग आलं ते वेफर्सचं पाकीट.

काकूने ते खाली दुकानातून घेऊन पर्समध्ये टाकलं होतं. आता बाहेर काढलं तर टम्म! उशीसारखं फुगलेलं, कडा ताणलेल्या. काकाने ते तिच्या हातातून घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. शिंपी जसा कपड्याची शिवण बघतो, तशी त्या पाकिटाची कड बघितली. अंगठ्याने दाबलं.

“हे खाली असं नव्हतं.”

“नव्हतं,” काकू म्हणाली.

“आत कोणी काही भरलं?”

“पर्स माझ्या मांडीवर आहे. कोण भरणार?”

  काकाने हळूच एक बोट स्वतःच्या पँटच्या कमरेत घालायचा प्रयत्न केला. बोट जाईना. नखसुद्धा जाईना. वाटाणे, कोबी आणि सोडा मिळून आत जे चाललं होतं, त्याला त्याच्या स्वतःच्या पक्क्या शिलाईने चहूकडून कोंडलं होतं. त्याने वर्तमानपत्र मांडीवर पसरलं, त्याखाली हात नेला, आणि थोड्या वेळाने त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की बटण उघडलं हे मला न बघताच कळलं.

नेमक्या तेव्हाच मॅडम आल्या. “मास्तर, आता कृपया उभे राहा. वरच्या कप्प्यातली ती पेटी काढून द्या. मग मागे चला, खाली वाका आणि ट्रॉलीचा तळचा खण उघडा. माझ्या मुली दिवसभर हेच करतात.”

“आत्ता?”

“आत्ता.”

काकाने वर्तमानपत्र घट्ट धरलं. काकूने एकदा वर्तमानपत्राकडे आणि एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. “अहो, उघडलीत?” ती कुजबुजली. काकूची कुजबुज तीन रांगांपर्यंत पोहोचते. मग तिने पर्समधून एक मोठी सेफ्टी पिन काढली.

“माझ्या पँटला पिन? मेलो तरी चालेल!”

“मग काय पँट धरून मरणार? लावा निमूट.”

आणि आयुष्यभर बोटभर अंतराचा अभिमान मिरवलेला माझा काका, बटण आणि काज यांच्यामध्ये चार बोटांचं भगदाड आणि त्यावर सेफ्टी पिनेचा पूल, अशा अवस्थेत, कोट खाली ओढत विमानाच्या मागच्या भागाकडे चालू लागला. आम्ही दोघी मागे.

पडद्याआड गेल्यावर त्याने वाकायचा प्रयत्न केला. “आई गं!” निघालं तोंडातून. आणि तोंडातूनच नाही.

“लाजू नका, मास्तर,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “वर सगळ्यांचंच असं होतं. हवा फुगली की वाट शोधते. आवाज इंजिनात बुडून जातो.”

“आवाज बुडतो हो,” काकूने पदर नाकाला लावला.

“मघाशी तो मी नव्हतो,” काका म्हणाला.

“मी मघाचं काही बोललेच नाही!”

तिथे उभ्या असलेल्या दोन्ही मुली खो खो हसल्या. मॅडम हसल्या. काकाही हसायला लागला, आणि हसताना पुन्हा पोट दुखलं म्हणून पिन धरून भिंतीला टेकला. अगदी त्या दुसऱ्या नमुन्यातल्या मुलीसारखा. ते त्याच्याही लक्षात आलं असावं. हसू विरलं, आणि त्याने खिशातून टेप काढली. सुरक्षेच्या तपासणीत त्याच्या शर्टाला टोचलेल्या सुया काढून घेतल्या होत्या, टेपला मात्र कोणी हात लावला नव्हता.

आधी स्वतःला मापलं आणि शीळ घातली. मग काकूला. तिने पोट आत ओढलं. “अगं, श्वास सोड! इथे पाहुणे आलेत का बघायला?” मग त्या मुलींनी आपणहून हात वर केले. घोटेसुद्धा मोजले. बसून बसून पायात पाणी उतरतं आणि घोटे जाड होतात, हे मोज्याच्या खुणांवरून दिसतच होतं. आणि मापता मापता काकाने एक गोष्ट केली, जी मी दुकानात कधीच पाहिली नव्हती. त्याने विचारलं.

“कुठे दाबतं गं, पोरी? पुढे की बाजूला? बसल्यावर की वाकल्यावर? आधी दाबतं की जेवल्यावर?”

मुली बोलू लागल्या. पुढचं सपाट राहिलं तरी चालतं, बाजूला कळा लागतात. वाकलं की जास्त. एक म्हणाली, मी उड्डाणाच्या आधी काही खातच नाही. दुसरी म्हणाली, मी पाणीसुद्धा घोट घोट पिते. इतक्या कोरड्या हवेत!

“आयुष्यभर आरशासमोर ताठ उभ्या माणसाचं माप घेतलं,” काका टेप गुंडाळत काकूला म्हणाला. “माणूस ताठ उभा राहतो तरी किती वेळ?”

उतरताना कान पुन्हा बंद झाले, तेव्हा काकाने कोणाची वाट न पाहता स्वतःच जांभई दिली आणि शेजारच्यांनाही शिकवली. नवे बूट मात्र सुजलेल्या पायांत जाईनात. ते हातात घेऊन, मोज्यांवरच तो ऐटीत शिडी उतरला.

दुसऱ्या दिवशी दुकानात खरी पंचाईत सुरू झाली.

“सैल ठेवा की मग,” काजवाली मावशी म्हणाली.

“सैल ठेवला तर खाली घसरतो. निघायच्या आधी त्यांची तपासणी होते. एक चुणी चालत नाही.”

“म्हणजे खाली घट्ट, वर सैल.”

“हो.”

“आणि स्कर्ट एकच.”

“हो.”

मावशीने सुई कापडात खोचून ठेवली. “मास्तर, हे तर रबराचं काम.”

 संध्याकाळी काका आमच्या गल्लीतलं दुकान सोडून दोन रस्ते पलीकडच्या दुकानात गेला, आणि “आमच्याकडे लहान बाळ आलंय, त्याच्या चड्ड्यांना” असं न विचारता सांगून इलास्टिक घेऊन आला. पहिला प्रयोग त्याने ट्रायलच्या पडद्यामागे बसून केला. मावशीने पडद्याच्या फटीतून पाहिलं. “बाळ कसंय, मास्तर?” लपवायचं संपलं.

पहिला स्कर्ट पोत्याच्या तोंडासारखा गोळा झाला. दुसरा खाली छान दिसला, पण ताणला की उलटून आतलं अस्तर दाखवायला लागला. वर न जाता बघायचं कसं, हा प्रश्न होता. तो फुग्याने सुटला. कपडे चढवून बघायच्या पुतळ्याच्या कमरेचा भाग काढून तिथे मोठा फुगा ठेवला, वर स्कर्ट चढवला, आणि मी नळीने फुंकायला बसले.

“फुगव… फुगव… आता ढगात शिरलो… आता जेवण आलं… थांब! थांब म्हणतो ना!”

धाड्कन फुगा फुटला आणि मावशीने सुई स्वतःच्या बोटात खुपसली. पुढचा अर्धा तास ती जे बोलत होती, ते मी इथे लिहीत नाही.

शेवटी जमलं ते असं: पुढचा भाग सपाट, मागचा सपाट, आणि दोन्ही कुशींवर जाकिटाखाली लपणारी एकेक घडी, जिच्या पोटात मऊ रबर. पोट फुगलं की घडी हळूच उघडते, पोट बसलं की मिटते. हुक साधं, एका बोटाने निघणारं. काकाने तो स्कर्ट मॅडमच्याच मापाचा शिवला. “मुलीवर प्रयोग नको,” तो म्हणाला. मॅडम तो घालून लांबच्या उड्डाणावर गेल्या.

त्या दिवशी काकाने काहीच शिवलं नाही. रस्त्यावर उभं राहून प्रत्येक विमानाकडे बघायचं, एवढंच. “हेच असेल.”

“ते मालाचं विमान आहे, मास्तर.”

“मग ते?”

“ते निघालंय. यायचंय ना आपलं?”

मॅडम आल्या त्या विमानतळावरून सरळ. चाकांची बॅग खडखडत, गणवेशातच. दुकानात आल्या आणि उभ्या राहिल्या. काजवाली मावशीने मशिनचं चाक हाताने धरून थांबवलं. काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघेना, कमरेकडे बघायची हिंमत होईना, म्हणून बॅगेकडे बघत राहिला.

“मास्तर, कृपया लक्ष द्या,” त्या म्हणाल्या. “मी वर जेवले.”

“म्हणजे?”

“पूर्ण ताट जेवले. गोडसुद्धा. इतकी वर्षं मी गणवेशात अर्ध्या ताटावरून उठत आले. आज जेवले, तीनदा वाकून तळचा खण उघडला, बसले, उठले, आणि उतरताना लक्षात आलं की मी काय घातलंय याचा मला दिवसभर पत्ताच नव्हता.” त्यांनी एक गिरकी घेतली. कंबर सपाट, एक चुणी नाही. भुवया पहिल्यांदाच जागेवर आल्यासारख्या वाटल्या. “उद्यापासून मुलींना पाठवते मापाला. सगळ्यांना.”

काकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. मावशी म्हणाली, “काच झिजेल, मास्तर.” डबा घेऊन आलेली काकू दारातच उभी राहून हे ऐकत होती, तिने डबा टेबलावर आपटला आणि सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या.

पण काकाचं डोकं तोवर पुढे पळालं होतं. “मॅडम, आणि पायलट? ते तर तासन्‌तास बसूनच. त्यांच्या पँटींचं काय?”

“ते कधी तक्रार करत नाहीत.”

“करत नाहीत, की करायला श्वास उरत नाही? पाठवा त्यांनाही. आणि जेवून पाठवा.”

“नाही नाही,” काकूने पर्स काखेत मारली, “खाली मापून काय कळणार? वर जाऊनच बघायला हवं. कधी निघायचं?”